साडेआठचं माप

पावसाच्या जुन्या नोंदवहीत माणसं मरतात ती शेवटच्या रकान्यात. आधी तारीख, मग पावसाचा आकडा, मग महिन्याची बेरीज, आणि सगळ्यात शेवटी 'शेरा'. बहुतेक पानांवर हा रकाना कोरा असतो. मधेच कुणीतरी बोरू दाबून लिहिलेलं सापडतं : 'वीज पडून दोन बैल व एक गडी मयत.' बैल आधी, गडी नंतर. 'गारपिटीने मेंढरे मेली. मेंढक्याचा डोळा गेला.' 'वावटळीने चावडीचा पत्रा उडून एका बाईची मान कापली.' खाली दुसऱ्या दिवसाची तारीख आणि पाऊस निरंक.

संगणकात भरायला जो तक्ता आला होता त्यात शेऱ्याला जागाच नव्हती. ज्यांनी तो केला त्यांना फक्त आकडे हवे होते. मी फोनवर भांडून जागा करून घेतली. गळा कापला जाईल इतका वारा होता हे पावसाच्या आकड्यावरून कळत नाही.

मी केडगावला राहते. नागापूरच्या एका कारखान्यात अठरा वर्षं यंत्राच्या सुट्या भागांची मापं तपासली. कारखाना बंद पडला आणि हे काम मिळालं. तालुक्याच्या कचेऱ्यांमधून लाल रुमालात बांधलेली पावसाची जुनी दप्तरं सोडायची, पानं स्कॅन करायची, आकडे टाइप करायचे. हे टिकलं नाही तर पूर्वी इकडे पाऊस कसा पडायचा हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून ही धडपड. दप्तरं उंदरांच्या लेंड्यांसकट येतात. पानाला हात लावला की कडा चुरा होऊन मांडीवर पडते.

हे घडलं ते जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातल्या एका कचेरीत. कुठल्या, ते लिहीत नाही. वाचल्यावर कारण कळेल. पाथर्डीच्या रस्त्याने जीप, पुढे एसटी, असा रोजचा प्रवास होता. चैत्र होता. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आल्यामुळे गावं भरलेली होती, आणि कचेरीच्या आवारात सकाळपासून जत्रा. रेकॉर्ड रूममध्ये मी आणि तिथला दप्तरी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, काटकुळा, तोंडात कायम सुपारी. त्याच्या टेबलावर शिसवी लाकडाचा गोल रूळ होता, रेघा मारायचा, जुन्या काळचा. मी तो पानं सपाट करायला वापरायची.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. डावा हात कोपराखाली वाकडा बसलेला, एका कानाची पाळी नाही, हातात काठी.

"बाई, ते साल आलं का?"

"कुठलं साल?"

त्याने साल सांगितलं, महिना सांगितला, तारीख सांगितली. तीसेक वर्षांपूर्वीची पौष महिन्यातली तारीख, लोक जन्मतारीख सांगतात तशी.

"अजून त्या रुमालापर्यंत आलो नाही," मी म्हटलं.

"मग उद्या यतो."

तो रोज यायला लागला. दप्तरी वैतागून म्हणायचा, "आला बघा तुमचा जावई." पण तिसऱ्या दिवशी दप्तऱ्यानेच मला सगळी हकीकत सांगितली, आणि उरलेली म्हाताऱ्याने.

त्या पौषात सगळं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं. मागे फक्त काही म्हातारीकोतारी, आणि ज्वारीला पाणी द्यायला थांबलेले दोन चुलतभाऊ. हा, आणि दुसरा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची जुंपली. दुसऱ्या दिवशी तो दुसरा ओढ्यात खाली अर्ध्या कोसावर वाळूत सापडला, डोकं फुटलेला. हा म्हणत होता की अवकाळी पाऊस आला, ओढ्याला लोंढा आला, त्यात तो गेला. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना धड तारीखही सांगता येत नव्हती, आणि ओढ्याकडे बघायला कोणी नव्हतं. बातमी कळून माणसं फडातून परत येईपर्यंत ओढा कोरडा ठाक पडला होता. कोर्टात हा पुराव्याअभावी सुटला. गावात सुटला नाही. मेलेल्याच्या भावकीने कचेरीतून त्या तारखेच्या पावसाची नक्कल काढली होती. शिक्क्याची. त्या तारखेपुढे लिहिलं होतं : निरंक.

पाऊस नाही तर लोंढा कुठला?

मेलेल्याचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. आता तो तोडणीचा मुकादम आहे, टोळ्या घेऊन जातो. ती नक्कल त्याने लॅमिनेशन करून ठेवली आहे. म्हाताऱ्याचा हात त्याच्या चुलत्यांनी मोडला, कान कुणीतरी कोयत्याने उडवला. पण मुलाने स्वतः म्हाताऱ्याला कधी बोट लावलं नाही. त्याने भर पारावर सांगितलं होतं, "तुला न्हाई मारायचा. तुझा पोरगा गावात दिसला की त्येला मारीन. मंग कळंल तुला." आणि तो बोलेल तसं करणारा माणूस आहे, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. म्हाताऱ्याचा मुलगा पंधरा वर्षं गावात आला नव्हता. पुण्याच्या बाजूला कुठल्यातरी कंपनीत होता. आता वैशाखात त्याच्या मुलीचं लग्न होतं. सासरची माणसं म्हणत होती, लग्न मुलीच्या गावात, दारातच होईल, नाहीतर होणार नाही.

"पोरीचा बाप मांडवात उभा ऱ्हायला पायजे का नको?" म्हातारा म्हणाला. "उभा ऱ्हायला तर त्यो कापनार. बाई, पाऊस पडला हुता. गारा पडल्या हुत्या, लिंबाएवड्या. तुमच्या वहीत आसंलच. इतकी वर्सं मला म्हनत्यात वही सापडत न्हाई."

वही खरंच सापडत नव्हती. जमिनीच्या मोजणीच्या दप्तरात कुणीतरी ती चुकून बांधली होती. मला ती दहाव्या दिवशी मिळाली, आणि म्हातारा दारातच होता. मी पान उलटलं, तारखेवर बोट ठेवलं.

मी कामाला चपळ आहे, याचा मला अभिमान होता. त्या दिवशी तो चपळपणा नडला.

"शून्य आहे, बाबा," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण त्याला एका कानाने कमी ऐकू येत होतं. "निरंक. नक्कल बरोबर आहे."

दारात सात-बाराला आलेली पाच-सहा माणसं उभी होती. म्हातारा आत आला, वहीवर वाकला. त्याला वाचता येत नव्हतं.

"परत बगा."

"तीच तारीख आहे ना तुमची? मग शून्यच."

त्याने काठी टेकवली आणि गेला. मी पुढचं पान घेतलं.

ती बातमी एसटीच्या आधी गावात पोचली. संध्याकाळी पारावर म्हाताऱ्याला पाडला. मुकादमाच्या भावकीतली पोरं होती. दोन बोटं पायाखाली घेऊन मोडली आणि समोरचे दात पाडले. सकाळी दप्तऱ्याने मला हे सांगितलं, आणि वर म्हणाला, "शून्य म्हणायला एवढी घाई काय होती तुम्हाला?"

"नोंद आहे ती. मी काय पाऊस पाडू?"

"तसं नव्हे. हळू म्हणायचं."

अकराच्या सुमाराला स्वतः मुकादम आला. सोबत दोन माणसं. चाळिशीचा, भरदार, पांढरा शर्ट. दारात चपला काढल्या, हे मला आठवतं. मग आत येऊन म्हणाला, "कुठाय ती वही?"

"कशाला पाहिजे?"

"म्हातारा गावात सांगतोय, कॉम्पुटरमदी चढवताना बाई दुरुस्त करनार हायेत म्हणून. आमी खुळे हाय का? आमचा बाप कॉम्पुटरमदी बुडवता व्हय?"

"कोणी काही दुरुस्त करत नाही. बाहेर व्हा."

दप्तरी उठला आणि मध्ये आला. दोन्ही हात पसरून, जसा काही तो दार आहे. मुकादमाने त्याच्या थोबाडीत दिली. एकच, पण दप्तऱ्याची सुपारी भिंतीवर गेली आणि मागोमाग तो कपाटावर आपटला. सोबतच्या एकाने स्कॅनर उचलून फरशीवर घातला. काच फुटली. मुकादमाने टेबलावरची वही ओढली. मी तिची दुसरी बाजू धरली. चार महिने या कागदांना मी फुंकर घालून उलटवत होते, आणि हा गडी वही पोत्यासारखी ओढत होता. माझ्या हाताला रूळ लागला. तो मी त्याच्या मनगटावर हाणला, जितक्या जोरात हाणता येईल तितक्या. हाडाचा आवाज आला. वही सुटली, पण पान आडवं फाटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा मारणार. मी रूळ पुन्हा उचलला. खोटं कशाला सांगू, भीती वाटत नव्हती. डोक्यात हाणायला जागा शोधत होते.

"बाईमानूस म्हनून सोडतो," तो म्हणाला.

"सोडू नकोस. ये."

मग बाहेरून माणसं आली, आरडाओरडा झाला, ते गेले. पोलीस दुपारी आले. दप्तऱ्याने तक्रार दिली. त्याच्या गालावर चार बोटं उमटली होती, आणि तो प्रत्येक येणाऱ्याला ती दाखवत होता.

मी खाली बसून पानाचे तुकडे गोळा केले. माझ्या डोक्यात आधी आलं ते एवढंच, की चार दिवसांचे आकडे फाटलेल्या रेषेवर आहेत आणि ते गेले तर तक्त्यात भोक पडेल. फुटलेल्या स्कॅनरच्या काचेचा मोठा तुकडा घेतला, पानाचे दोन्ही अर्धे जुळवून त्याच्याखाली दाबले. पान नेमकं तेच होतं, म्हाताऱ्याच्या तारखेचं. वरचा अर्धा भाग जुळवताना छापील मथळ्याची अक्षरं एकेक करून जोडावी लागली, आणि त्यामुळे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तो मथळा वाचला.

'सकाळी साडेआठ वाजता संपणाऱ्या चोवीस तासांत पडलेला पाऊस.'

मला हे माहीत होतं. कामाच्या पहिल्या दिवशी आम्हाला हेच शिकवलं होतं. माप सकाळी साडेआठला बघायचं, भांडं रिकामं करायचं, आकडा त्या सकाळच्या तारखेला मांडायचा. काल दुपारी पाऊस पडला तर तो आजच्या तारखेला बसतो. मी हे तेव्हा परीक्षेसारखं लिहूनही दिलं होतं. आणि म्हाताऱ्याने तारीख सांगितल्यावर त्याच तारखेवर बोट ठेवलं, जसं तीस वर्षांपूर्वी नक्कल काढणाऱ्या कारकुनाने ठेवलं असेल. नकलेत मथळा कोण उतरवतो?

मी खालच्या ओळीवर आले. दुसऱ्या दिवसाची तारीख, आणि पुढे आकडा. त्या सबंध हिवाळ्यात पानावर दुसरा आकडाच नव्हता. हा एकच, आणि तो मृगात शोभेल असा. शेऱ्यात लिहिलं होतं : 'गारांसह. कौले फुटली.'

मी दप्तऱ्याला हाक मारली. त्याने गालावरचा हात काढून वाचलं, परत वाचलं.

"आयला," तो म्हणाला. "मग म्हाताऱ्याची बोटं फुकटच मोडली."

"माझ्यामुळे मोडली."

"ते आहेच," तो म्हणाला. मला खोडून काढायची तसदी त्याने घेतली नाही.

मी त्याला म्हाताऱ्याकडे पाठवलं आणि मुकादमाला निरोप धाडायला सांगितलं. निरोपाची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी मुकादम आपणहून आला, एकटा, मनगटाला पट्टी बांधून. गुन्हा नोंदवला गेला तर पुढच्या हंगामाला टोळी जमवताना अडचण येते, म्हणून तक्रार मागे घ्या, हे सांगायला. म्हातारा आधीच आत बाकावर बसला होता, तोंड सुजलेलं, हात फडक्यात. मुकादमाने त्याला पाहिलं आणि तो माघारी वळला.

"थांबा," मी म्हटलं. "नक्कल आहे का जवळ?"

ती त्याच्या जवळ होती. शर्टाच्या आतल्या खिशात, प्लास्टिकमध्ये. मी ती टेबलावर ठेवली. शेजारी काचेखालचं पान ठेवलं.

"वाचा मथळा."

त्याने वाचला. काही कळलं नाही.

मी सांगायला लागले, भांडं, साडेआठ, चोवीस तास. तो म्हणाला, "बाई, तुमी बोलनार आनि आमी ऐकनार, तसलं नगा करू. सरळ सांगा."

मग मला सुचलं. "फडात ऊस संध्याकाळी तोडून गाडी भरली. कारखान्यावर नंबर लागला दुसऱ्या दिवशी. काट्याच्या पावतीवर तारीख कुठली येते?"

"काट्याची."

"ऊस कधी तोडलेला?"

"आदल्या दिवशी."

"हा काटा आहे. रोज सकाळी साडेआठला वजन होतं. आता खालची ओळ वाचा."

त्याने बोट खाली सरकवलं. बोट आकड्यावर थांबलं. मग शेऱ्यावर. ओठ हलवत त्याने वाचलं, गारांसह. मग नक्कल उचलून बघितली, पुन्हा खाली ठेवली. माणूस हुशार होता. हजारो पावत्या वाचलेल्या होत्या. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दप्तऱ्याने सुपारी चघळायची थांबवली होती.

मग मुकादम म्हाताऱ्याकडे वळला. "मंग डोकं कशानं फुटलं?"

मी म्हणणार होते, लोंढ्यात दगड असतात. कोर्टात वकील हेच म्हणाला असेल. पण म्हातारा आधी बोलला. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत येत होते.

"येक मी मारली हुती."

"काय?"

"काठी. डोक्यात. पाळीवरून. खाली बसला, मंग उठला, माझ्या आयबहिनीचा उद्धार केला, आन् ओढ्यात उतरला पल्याड जायला. वरून लोंढा आला. मी वराडलो. त्येनं बगितलं न्हाई." त्याने तोंड पुसलं. "कोर्टात वकील म्हनला, काठीचं बोलायचं न्हाई. मंग न्हाई बोललो. परत कवा बोलनार?"

"येकच?"

"येकच. ल्येकाच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो."

वहीत पाऊस होता. काठी नव्हती.

मुकादमाने म्हाताऱ्याच्या मांडीला टेकलेली काठी घेतली. म्हाताऱ्याने ती सोडली. दप्तरी म्हणाला, "ओ, ओ," आणि कपाटाला चिकटला. मी टेबलाच्या पलीकडे होते. वळसा घालून पोचले असते की नाही, याचा हिशेब मी अजून करते. मुकादमाने बिनदुखऱ्या हाताने काठी उचलली आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर हाणली. आवाज कोरडा आला. म्हातारा बाकावरून घसरून खाली बसला, पागोटं सुटलं, कानावरून रक्त आलं आणि ते मानेवरून शर्टात गेलं.

मुकादमाने काठी भिंतीला टेकवून ठेवली. नीट, पडणार नाही अशी.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "झालं का?" त्याने विचारलं.

"झालं," मुकादम म्हणाला. "पोराला बोलीव."

मी तोपर्यंत पोचले होते. पदर जखमेवर दाबला आणि मुकादमाला सांगितलं, "मूर्खासारखा उभा राहू नकोस. गाडी काढ." त्याने काढली. म्हाताऱ्याला मध्ये बसवला, मागे दप्तरी, त्याला धरून. तिघे एका मोटारसायकलवर ग्रामीण रुग्णालयात गेले. नऊ टाके पडले. डॉक्टरने विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला, कचेरीच्या पायऱ्या लई उच्च्या हायेत. पोलिसांनी मला विचारलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. म्हाताऱ्याने तेच पायऱ्यांचं सांगितलं, आणि माझा जबाब कागदातच राहिला. दप्तऱ्याने आपली थोबाडीची तक्रार मात्र मागे घेतली नाही. "त्यांचं फिटलं असेल," तो म्हणाला, "माझं कुठं फिटलं?"

मी ते पान नव्या स्कॅनरवर घेतलं. आकडे सगळे वाचता आले. मूळ वहीच्या मागे एक कागद जोडला, पान कसं फाटलं ते लिहून. कोणी फाडलं ते नाही. मग पुढच्या तालुक्याला गेले. आता कुणी तारीख घेऊन आलं की मी आधी मथळा मोठ्याने वाचते, मग आकडा.

वैशाखात दप्तऱ्याचा फोन आला. लग्न लागलं. मुलगा आला होता. मांडवाच्या तोंडाशी मुकादम हाताची घडी घालून उभा होता, अक्षता पडेपर्यंत. जेवला नाही. नवरीचा बाप समोरून गेला तेव्हा बाजूला झाला, एवढंच.

"आणि म्हातारा?"

"आहे की. पहिल्या रांगेत बसला होता," दप्तरी म्हणाला. "पण मंगलाष्टकं चालली होती तरी सारखा शेजारच्याला विचारत होता, सुरू झाली का म्हणून. चांगला कान होता ना, त्याच बाजूला बसली ती काठी. आता दोन्हीकडनं बंद."